वाचक विचारतात : फुकटच्या मालाला वाली कोण?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाची संगणकप्रणाली बदलायची आहे. एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी वार्षिक शुल्काचा करार घेऊन आला होता. मी 'कोहा' या मोफत ग्रंथालय-प्रणालीचं नाव काढताच तो म्हणाला, "मॅडम, फुकटच्या मालाला वाली नसतो. उद्या बंद पडलं तर कुणाच्या दारात जाणार?" कार्यकारिणीला हे पटलं आहे. मी काय उत्तर देऊ?
– एक ग्रंथपाल

उत्तर : कार्यकारिणीला आधी कोहा कशी जन्मली ते सांगा. १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची प्रणाली जुनी झाली होती आणि २००० साल उजाडलं की ती दगा देणार हे दिसत होतं. ट्रस्टने कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, जीपीएल परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला; पण बदललेलं वाटलंत तर तेही याच अटींवर) सगळ्यांना खुला केला. म्हणजे तिथे पहिल्या दिवसापासून कंपनी होती आणि तिला कामाचे पैसेही मिळाले. फक्त झालेलं काम कुणा एकाच्या तिजोरीत गेलं नाही.

याचा उपयोग पुढे दिसला. २००९ मध्ये कोहाची सेवा देणाऱ्या लिबलाइम या कंपनीने स्वतःची वेगळी आवृत्ती काढून वेगळी वाट धरली. बाकीच्या ग्रंथालयांनी आणि प्रोग्रामरांनी हातात असलेला कोड घेतला आणि काम चालू ठेवलं. आजही कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. कोड स्वतःकडेच ठेवणाऱ्या कंपनीच्या प्रणालीचं असं झालं असतं तर ग्रंथालयांना कंपनी नेईल तिकडे जावं लागलं असतं.

माझं कामच ग्रंथालयांचा डेटा एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचं आहे, म्हणून एक अनुभव सांगते. एका ग्रंथालयाने विक्रेत्याशी करार संपवला आणि आपल्या नोंदी मागितल्या. आली ती एक एक्सेल फाइल. त्यात ग्रंथनाम, लेखक, दाखल क्रमांक, बस. ग्रंथालयीन नोंदीसाठी मार्क हा आराखडा १९६० च्या दशकापासून आहे. त्यात २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात ग्रंथनाम, १०० मध्ये लेखक, ६५० मध्ये विषयशीर्षकं येतात. या फाइलमध्ये ६५० चा मागमूस नव्हता. ग्रंथनाम आणि उपशीर्षक एकाच रकान्यात कोंबलेलं, मधली विरामचिन्हंही गायब. तिथल्या ग्रंथपालबाईंनी पुस्तक हातात घेऊन, चाळून, एकेक विषयशीर्षक दिलं होतं. ती सगळी वर्षं त्या फाइलमधून पुसली गेली होती. विक्रेत्याचं म्हणणं असं की पूर्ण नोंदी देणं करारात नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील. नोंदी ग्रंथालयाच्या आणि त्या परत घ्यायला पैसेही ग्रंथालयानेच मोजायचे! मला त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही.

तेव्हा त्या प्रतिनिधीला पुढच्या भेटीत एवढंच सांगा : नमुन्याच्या शंभर नोंदी तुमच्या प्रणालीत भरा आणि माझ्यासमोर मार्क स्वरूपात पूर्ण बाहेर काढून दाखवा. सभासदांची यादी आणि देवघेवीचा इतिहासही. मग ते करारात लिहून द्या. त्याने हे केलं तर तो विचार करण्यासारखा विक्रेता आहे आणि मी आडवी येणार नाही.

त्याच्या बोलण्यात तथ्य मात्र आहे. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण पाहा. फाइल आकुंचित करणारं हे छोटं साधन लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांवर असतं आणि ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा, तर मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोदत गेला आणि मुळापर्यंत पोचला. सांभाळणाऱ्याला एकटं सोडलं की काय होतं, ते यात दिसतं.

म्हणून कोहा 'फुकट' आहे असं सांगून कार्यकारिणीकडून मंजुरी घेऊ नका. सर्व्हर, रोजचा बॅकअप, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि देखभालीचा करार हे सगळं अंदाजपत्रकात धरा. कोहाची पगारी सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक आहेत. एकीने नीट काम केलं नाही तर नोंदींना हात न लावता दुसरीकडे जाता येतं. कुणाच्या दारात जाणार, या प्रश्नाचं उत्तर हेच : दारं अनेक आहेत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांत योगदान द्या असं सर सांगतात. पण त्या कोडवर पैसा कमावतात मोठ्या कंपन्याच. मग मी त्यांच्यासाठी फुकट राबतोय असंच ना?
– एक विद्यार्थी

उत्तर : काही प्रकल्पांत हो, अगदी तसंच. कोणत्या, ते आधीच ओळखता येतं.

कोड पाठवण्याआधी प्रकल्प तुमच्याकडून करारावर सही मागतो का ते बघा आणि मागत असेल तर तो करार शब्दन् शब्द वाचा. परवाना हवा तेव्हा बदलण्याचा हक्क तुम्ही कंपनीला देत असाल, तर ती तो कधीतरी वापरेल असंच धरून चाला. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सर्व्हर उभारण्याच्या साधनाचा मुक्त परवाना काढून व्यापारी बंधनं असलेला परवाना लावला. बाहेरच्या लोकांचा कोडही त्याखाली गेला. लोकांनी जुन्या परवान्यातली आवृत्ती उचलून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प सुरू केला, म्हणून श्रम पूर्ण वाया गेले नाहीत.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असं करता येत नाही. तिथे असा करार नाही. प्रत्येक पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, पाठवणाऱ्याच्या नावाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ असते आणि मालकी ज्याची त्याच्याकडे, म्हणजे त्याच्याकडे किंवा त्याच्या नोकरीच्या कंपनीकडे, राहते. परवाना बदलायचा तर हजारोंची संमती लागेल. आज तिथलं बहुतांश काम कंपन्यांचे पगारी अभियंतेच करतात, पण त्यांचाही कोड जीपीएलखालीच येतो. कंपनीने कमावण्यावर माझा आक्षेप नाही. तिने मागे दार लावून घेण्यावर आहे.

सुरुवात नव्या फीचरने करू नका. जो प्रोग्राम रोज वापरता, त्याच्या बगच्या यादीतला एक जुना बग घ्या आणि तो आपल्या यंत्रावर पुन्हा घडतो का पाहा. घडला तर 'गिट बायसेक्ट' चालवून कोणत्या बदलापासून तो आला ते शोधा आणि तेवढंच लिहून पाठवा. दिवसभर नोकरी करून रात्री प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाची त्याने एक अख्खी संध्याकाळ वाचते.