पहिल्यांदाच घरी बिअर करतोय. ड्राय हॉपिंग कधी आणि किती दिवस करावं? हॉप्स पिशवीत घालावेत की सुटे?

ड्राय हॉपिंग म्हणजे हॉप्स (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) न उकळता, फक्त वासासाठी टाकणं. कधी आणि किती, हे सोपं आहे. फर्मेंटेशन (आंबणं) संपत आलं की टाका, लिटरला ३-४ ग्रॅम पेलेट, म्हणजे हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या. वासाला तीन दिवस पुरतात. पहिल्या खेपेला एवढं पुरे. पंधरवडाभर ठेवलेत तर गवत चावल्यासारखं लागतं. पण ड्राय हॉपिंगनंतर बाटल्या कधी भरायच्या, हे तुम्ही विचारलेलंच नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं, आणि त्यापायी मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात एका रात्रीत अकरा बाटल्या फुटल्या.

मे महिना होता. २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर), जुन्या फ्रिजमध्ये १९ अंशांवर ठेवलेली. ग्रॅव्हिटी, म्हणजे बिअरची घनता (यीस्ट साखर खातं तशी ती उतरते), १.०५० वरून १.०१४ ला आली आणि तीन दिवस तिथून हलली नाही. म्हटलं, झालं. ८० ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स टाकले. तीन दिवसांनी झाकण उघडलं तर घरभर पपनसाच्या सालीचा वास. बायकोसुद्धा म्हणाली, "तुझ्या या उद्योगाचा पहिल्यांदाच बरा वास आला." झालं, मी हुरळलो. ग्रॅव्हिटी पुन्हा न बघता त्याच संध्याकाळी बाटल्या भरल्या. भंगारवाल्याकडून आणलेल्या ६५० मिलीच्या सत्तावीस बाटल्या, बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून साखर लिटरला ६ ग्रॅम, एकूण १०५ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा. सगळ्या ओट्याखाली लावून ठेवल्या.

नवव्या रात्री सव्वादोनला पहिली गेली. झोपेत वाटलं, कुकर. मग एकीच्या दणक्याने शेजारची, तिच्याने पुढची. दिवा लावला तर तांदळाच्या डब्यात काच रुतलेली, आणि एका बाटलीची मान टोपणासकट शाबूत, थेट बेडरूमच्या दारापाशी. उरलेल्या सोळा बाटल्या हेल्मेट घालून, एकेक गोधडीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. केमिकल इंजिनिअर. काचा बघितल्या आणि म्हणाला, "भावोजी, साखर जास्त पडली." तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळून झालं की तेच: "यंदा सुतळी बॉम्ब आणले नाहीत, भावोजींकडे असतीलच."

साखर मी केकच्या वजनकाट्यावर दोनदा मोजली होती. आणि पुरावा आहे. वाचलेल्यांपैकी एक बाटली बर्फात गार करून उघडली, ढवळून ढवळून गॅस काढला, नमुना २० अंशांवर आणून हायड्रोमीटर सोडला. १.०१०! साखर जास्त पडली असती तर गॅस वाढला असता, पण ती साखर संपल्यावर बिअर पुन्हा १.०१४ च्या आसपासच थांबली असती. चार पॉइंट (०.००४) खाली गेली, म्हणजे यीस्टला जी साखर आधी खाता येत नव्हती ती कुणीतरी तोडून दिली. हॉप्सनी दिली. त्यांच्यात एन्झाइम असतात, ते डेक्स्ट्रिनचे, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखरेचे, तुकडे करतात आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात. एका पॉइंटमागे लिटरभर बिअरमध्ये साधारण अर्धा लिटर गॅस वाढतो, म्हणजे चार पॉइंटना दोन लिटर, आणि नेहमीचा अडीचेक लिटर असतोच. वर मुंबईचा मे. बाटली काय करणार?

मेव्हण्याच्या मते हे हल्लीचं इंटरनेटचं फॅड. पण ब्राऊन आणि मॉरिस या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ साली ड्राय हॉपिंगमधल्या याच गोष्टीवर निबंध लिहिलाय. १८९३!

तर हॉप्स टाकण्याआधी ग्रॅव्हिटी लिहून ठेवा. टाकल्यावर तिसऱ्या दिवशी बघा, मग दोन-दोन दिवसांनी. लागोपाठ दोनदा आकडा तोच आला तरच बाटल्या. बिअरला लोण्यासारखा वास येत असेल तर अजून थांबा. पण नमुना भांड्याच्या नळातून काढा, दरवेळी झाकण उघडू नका. हवा लागली की हॉप्सचा वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. एक बाटली सोड्याची प्लॅस्टिकची भरा, ती दाबून आतला जोर कळतो. दगडासारखी झाली की सगळ्या फ्रिजमध्ये.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या लेखी बिअर दारूच. त्या रात्री आवाज ऐकून वॉचमन वर आला तेव्हा माझी तंतरली होती ती काचांमुळे नव्हे.

पिशवीचं राहिलंच. सुटे टाका. भरायच्या आधी दोन दिवस फ्रिज २-३ अंशांवर नेलात की गाळ आपोआप खाली बसतो. पिशवीतच हवे असतील तर पिशवी मोठी घ्या, पेलेट बरेच फुगतात.

आणि हॉप्सच्या आधीचा नि नंतरचा, दोन्ही आकडे इथे टाका. भाऊबीजेला दाखवायचेत.