एकाच कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांसाठी कोणी मुद्दाम भाषा तयार केली आहे का? ती न शिकता कळते का?

हो, आणि वाचताना बऱ्यापैकी कळते. बोलायची मात्र शिकावीच लागते. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इंटरस्लाव्हिक. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन वगैरे स्लाव्हिक भाषा बोलणाऱ्यांसाठी ती आहे. कल्पना जुनीच. युराय क्रिझानिच या क्रोएशियन धर्मगुरूने 1660च्या दशकात सायबेरियात हद्दपारीत असताना अशा भाषेचं व्याकरण लिहिलं होतं. आजचं रूप 2006नंतरच्या प्रयत्नांतून घडलं.

शब्द मनाने बनवत नाहीत, जास्तीत जास्त भाषांत ओळखू येईल तो घेतात. दूध पोलिशमध्ये 'म्लेको', क्रोएशियनमध्ये 'म्लियेको', रशियनमध्ये 'मोलोको'. इंटरस्लाव्हिक 'म्लेको'च घेते, पण त्यातला स्वर एका खास चिन्हाने लिहिते, म्हणजे ज्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे उच्चारावा. लॅटिन आणि सिरिलिक (रशियन जिच्यात लिहितात ती) दोन्ही लिप्या चालतात.

खरी डोकेदुखी फसव्या शब्दांची. 'उरोदा' म्हणजे पोलिशमध्ये सौंदर्य, तर रशियनमध्ये 'उरोद' म्हणजे कुरूप माणूस! शिवाय विभक्त्या ठेवल्यात, त्यामुळे बाहेरच्याला एस्पेरांतो, म्हणजे साऱ्या जगासाठी बनवलेली भाषा, कितीतरी सोपी. पण इंटरस्लाव्हिक बाहेरच्यांसाठी नाहीच मुळी.

लॅटिनकुळातल्या (फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वगैरे) भाषा बोलणाऱ्यांसाठी याच्या जवळ जाणारी इंटरलिंग्वा 1951 साली आली, पण ती साऱ्या जगासाठी होती. जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन, डच वगैरे) भाषांसाठी फोल्कस्प्राक आहे, पण तिचे इतके फाटे फुटलेत की नेमकी कुठली शिकायची हाच प्रश्न.