असिंक्रोनस वेब ॲपच्या (सर्व्हरची उत्तरं मागून, केव्हाही येतात अशा) टेस्टिंगसाठी कुठलं टूल घ्यावं: सेलेनियम, सायप्रेस की प्लेराइट? आमच्या टेस्ट कधी पास, कधी फेल होतात. नेट स्लो असल्यामुळे असेल का?

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हेच वाक्य मला तोंडावर ऐकवलं गेलंय.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून टेस्टिंग करत होतो. ॲप दूध संकलनाचं. डेअरीचा सेक्रेटरी सभासद नंबर टाकतो, सर्व्हरवरून नाव येतं, मग लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) भरून सेव्ह. टेस्ट सेलेनियममध्ये. जुलैत आमच्याकडे पाऊस लागला की लाईट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. त्या दिवसांत माझ्याकडे एकच टेस्ट अधूनमधून फेल व्हायची: 142 टाकलं की नाव भलत्याचंच. पुण्यात तीच टेस्ट हिरवी. लीड म्हणाले, ‘तुझ्या गावच्या नेटचा प्रॉब्लेम आहे, स्लीप वाढव.’ स्लीप म्हणजे टेस्टने ठरावीक वेळ नुसतं थांबणं. तीन सेकंदांचे पाच केले, पाचाचे दहा. फरक शून्य. मग त्यांनी तीन रिट्राय लावले, म्हणजे फेल झाली की टेस्ट पुन्हा चालवायची, टेस्ट हिरवी झाली आणि विषय मिटला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना. नेट नुसतं स्लो असतं तर नाव उशिरा आलं असतं. दुसऱ्याचं कसं येईल?

सेलेनियम एकेक अंक टाईप करतं. ॲप प्रत्येक अंकाला सर्व्हरला विचारत होतं: 1, मग 14, मग 142. आमच्या नेटवर 14 चं उत्तर कधीकधी 142 च्या मागून पोचायचं आणि स्क्रीनवर तेच बसायचं. सेव्ह दाबलं की दूध 14 नंबरवाल्याच्या खात्यावर. क्रमच उलटला होता, तिथे स्लीप दहा मिनिटांचं घातलं तरी काय होणार? आमच्या दारात दोन म्हशी आहेत. दहा दिवसांच्या बिलात एका वेळचं दूध दुसऱ्याच्या नावावर लागलं तर घरात काय होतं, हे मला कोणी सांगायला नको.

मग रात्री बसून तीच टेस्ट प्लेराइटमध्ये लिहिली. page.route वापरून 14 चं उत्तर अडवून धरलं, 142 चं जाऊ दिलं, ते नाव स्क्रीनवर आल्यावर मग 14 चं सोडलं. टेस्ट दरवेळी फेल, पुण्यातसुद्धा. इथे दोन गोष्टी सांभाळा. fill सगळा नंबर एकदम भरतं, त्यामुळे बग दिसतच नाही, एकेक अंक टाईप करणारं pressSequentially घ्या. आणि expect ला (निकाल तपासणाऱ्या ओळीला) बरोबर नाव क्षणभर दिसलं तरी ते पास म्हणून मोकळं होतं, जुनं उत्तर नंतर येऊन ते पुसतं. म्हणून मी शेवटी सेव्ह दाबून सर्व्हरकडे कुठला सभासद नंबर गेला ते तपासलं. डेव्हलपरने ॲबॉर्ट-कंट्रोलर लावून जुनी विनंती रद्द केली आणि काम झालं. लीडनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: उत्तरं हवी तेव्हा अडवता आणि हव्या त्या क्रमाने सोडता येतील असं टूल घ्या. नवीन काम असेल तर प्लेराइट. क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू आहे का, हे ते स्वतः बघतं. त्याचा लोकेटर (बटण कसं शोधायचं याचा पत्ता) दरवेळी बटण नव्याने शोधतो, त्यामुळे भाषेची फाईल मागून येऊन मराठी-कन्नड लेबलं बदलली तरी स्टेल एलिमेंटची (आधी शोधलेलं बटण पानावरून गेल्याची) कटकट होत नाही. (अशा स्क्रीनवर बटण मजकुरावरून शोधू नका, टेस्ट-आयडी, म्हणजे भाषेबरोबर न बदलणारी खूण, द्या.) networkidle वर (नेटवरची ये-जा थांबेपर्यंत वाट बघण्यावर) विसंबू नका, सतत पोलिंग करणारं, म्हणजे सर्व्हरला विचारत राहणारं पान शांत होईलच असं नाही.

सायप्रेस वाईट नाही, cy.intercept ने उत्तर लांबवता येतं. पण ते ब्राउझरच्या आत चालतं, दोन टॅबचं काम असेल तर अडचण येते.

सेलेनियमच्या शेकडो टेस्ट आधीच असतील तर त्या फेकू नका. स्लीप काढून WebDriverWait (ठरावीक गोष्ट घडेपर्यंतच थांबणारा एक्स्प्लिसिट वेट) घाला, तो आणि इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागणारा) एकत्र करू नका. आणि प्लेराइटचं वेबकिट (सफारीसारखं ब्राउझर-इंजिन) म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे, ती खऱ्या फोनवर बघावी लागते.

टूल कुठलंही घ्या, रिट्राय आधी शून्यावर आणा. जी टेस्ट कधीकधी फेल होते ती कुठल्या क्रमाने फेल होते, ते आधी लिहून काढा. आणि टीममधला कोणी खेड्यातून काम करत असेल, तर त्याच्या मशीनवरचा लाल निकाल सगळ्यात आधी उघडून बघा.