डीएसएलआरसोबत १८-५५ ची किट लेन्स मिळाली आहे. घरात बाळाचे फोटो काढायला ५० एमएम घेऊ की टेलिझूम?

संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढायचे असतील तर डोळे झाकून ५० एमएम एफ/१.८ घ्या (एफ-आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं उघडतं). ही प्राइम लेन्स, म्हणजे झूम नाही. मागेपुढे आपणच सरकायचं. पण किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, ही एफ/१.८ पर्यंत उघडते. उजेड एफ-आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे इथे तो नऊ-दहापट आत येतो. जिथे १/१० सेकंदाच्या शटरला बाळाची हलती मूठ नुसती धूसर दिसते, तिथे १/१०० मिळतो आणि नखंसुद्धा दिसतात. टेलिझूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, पक्ष्यांसाठी ठीक. घरात तिचा काय उपयोग?

अडचण एकच: एपीएस-सी सेन्सरवर, म्हणजे किट लेन्ससोबत येणाऱ्या बॉडीतल्या लहान सेन्सरवर, ५० एमएमची चौकट फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) ७५-८० एमएमएवढी अरुंद होते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी आई-बाबा-बाळ एकत्र बसवताना कुणाचा तरी खांदा कापला जातो. खोली तेवढीच असेल तर ३५ एमएम एफ/१.८ बघा. आणि बॉडी निकॉन डी३५०० किंवा डी५६०० असेल तर ‘एएफ-एस’च (लेन्समध्येच फोकसची मोटर असलेली) घ्या, जुन्या ‘एएफ-डी’वर ऑटोफोकस चालत नाही, कारण या बॉडीत फोकसची मोटर नाही.