रूम बदलली की जुना लिसनर बंद कर

चॅटमध्ये 'अ' रूम सोडून 'ब' उघडली तरी 'अ'चे मेसेज मध्येच टपकतात, यात फायरस्टोअरचा, म्हणजे गूगलच्या क्लाउड डेटाबेसचा, दोष नाही. त्याचं ऑनस्नॅपशॉट फंक्शन लिसनर लावतं, म्हणजे डेटा बदलला की कळवत राहणारा पहारेकरी. एकदा लावलं की ते चालूच राहतं; तू रूम बदललीस हे त्याला कळणार कसं? पण ते बोलावल्यावर एक फंक्शन परत मिळतं, लिसनर बंद करणारं. नवशिके त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. रिअ‍ॅक्टमध्ये असं काम युजइफेक्टमध्ये लिहितात; त्यातून तेच रिटर्न कर आणि डिपेन्डन्सीच्या यादीत, म्हणजे जे बदललं की इफेक्ट पुन्हा चालतो त्या यादीत, रूमचा आयडी टाक. आयडी बदलला की रिअ‍ॅक्ट आधी जुनं बंद करतं, मग नवं लावतं.

यादीत मेसेज मागवणारी आख्खी क्वेरी मात्र टाकू नकोस. रेंडरमध्ये, म्हणजे रिअ‍ॅक्ट स्क्रीन पुन्हा आखताना, बनवलेलं ऑब्जेक्ट दर वेळी नवंच असतं. मग लिसनर सारखा तुटतो आणि जुळतो, आणि फायरस्टोअर तर वाचलेल्या डॉक्युमेंटमागे पैसे आकारतं.

नवा डेटा येईपर्यंत जुने मेसेज ठेवायचे का? मी लगेच पुसतो. भलत्यालाच उत्तर जाण्यापेक्षा क्षणभर रिकामी स्क्रीन परवडली.

स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या चुका शोधून देणाऱ्या मोडमध्ये, रिअ‍ॅक्ट 18 पासून, डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट सुरुवातीला मुद्दाम दोनदा चालतो. वैतागून तो मोड काढू नकोस. क्लीनअप, म्हणजे ते बंद करणारं फंक्शन रिटर्न करणं, राहिलं असेल तर एकाच मेसेजला दोनदा कॉलबॅक आलेला कन्सोलमध्ये दिसतो, चोरी तिथेच पकडली जाते.

आणि हो, ऑनस्नॅपशॉटला एरर कॉलबॅकही, म्हणजे चूक झाली की चालणारं फंक्शनही, दे. परवानगी नाकारली गेली की तो लिसनर संपलाच, पुढे त्यावर काहीही येत नाही.