मुंबईहून दोहामार्गे जर्मनीला शिकायला निघालोय, पहिलाच विमानप्रवास आहे. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरअखेर दोहामार्गे फ्रँकफर्ट आणि तिथून रेल्वेने आखेन असा प्रवास आहे, आणि घरात आजवर कुणी विमानात बसलेलं नाही. मी जर्मनीतच शिकले, म्हणून या वाटेपुरतंच सांगते.

आधी तिकिटावरची तारीख पुन्हा वाचा. आखाताकडची बरीच विमानं पहाटे सुटतात. २८ तारखेचं पहाटे चारचं विमान म्हणजे २७ च्या रात्रीच घर सोडायचं. बारापर्यंत सहारच्या टर्मिनल २ वर पोचा. पासपोर्ट आणि तिकीट पाहूनच आत सोडतात, त्यामुळे आईबाबांचा निरोप दारातच घ्यावा लागतो. बॅगा घरीच वजन करून न्या, म्हणजे काउंटरवर एकट्याने सामान उपसायची वेळ येणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची हातातली बॅग. मोठ्या बॅगा दोन दिवस आल्याच नाहीत तरी अडू नये, अशी ती भरा. पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी राहण्या-जेवण्याचा खर्च आगाऊ भरून ठेवलेल्या खात्याचा) कागद, आरोग्यविम्याचा कागद, मूळ गुणपत्रिका, राहण्याचा पत्ता आणि तिथला फोन नंबर हे सगळं छापील स्वरूपात एकाच फाइलमध्ये ठेवा. फोन बंद पडला की पीडीएफचा काही उपयोग नाही. सोबत एक कपड्यांचा जोड, जाड स्वेटर, डॉक्टरच्या चिठ्ठीसह औषधं आणि थोडे युरो रोख. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सहसा तिथलं बँक खातं उघडल्यावरच महिन्याच्या हप्त्याने मिळू लागतात. तोवरचा खर्च तुमच्याजवळ हवा. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही. कुकर मात्र मोठ्या बॅगेत टाका.

आता खाऊ. घरचे प्रेमाने भरतील, पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा नको, साजूक तूपही नको. बहुतेक ताजी फळं आणि कढीपत्ता यांनाही प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढून ठेवायला लावतात, कारण त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरलं जातं. गोडा मसाला, मेतकूट, डाळी, पापड, कोरडी चटणी बिनधास्त घ्या. लोणचं घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत.

दोह्याला पुन्हा सुरक्षा तपासणी होते, पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागेल. मुंबईत दोन्ही बोर्डिंग पास मिळाले का आणि बॅगेच्या चिठ्ठीवर एफआरए (FRA, फ्रँकफर्ट विमानतळाचा कोड) लिहिलंय का, एवढं बघून घ्या. मग बॅगा थेट फ्रँकफर्टलाच मिळतात. तिथे पासपोर्ट तपासणाऱ्याला काय शिकणार, कुठे राहणार हे सरळ सांगा. ते इंग्रजीत विचारतात, घाबरण्यासारखं काही नसतं.

रेल्वेच्या तिकिटाबाबत मात्र माझं ठाम मत आहे. स्वस्त आगाऊ तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला आणि गाडी चुकली की बहुतेक वेळा ते वाया जातं. म्हणून या एका दिवसासाठी महाग पडलं तरी 'फ्लेक्सप्राइस', म्हणजे ठरावीक गाडीला न बांधलेलं तिकीट घ्या. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. लांबच्या गाड्या 'फेर्नबानहोफ'वरून सुटतात, लोकलच्या स्टेशनात जाऊ नका.

आणि शक्य असेल तर शनिवारी रात्री पोचणारं तिकीट टाळा. रविवारी जर्मनीत जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात. तिकीट आधीच काढलं असेल, तर फ्रँकफर्ट विमानतळावरच्या सुपरमार्केटातून पाव, फळं, पाणी घेऊनच गाडीत बसा. खोलीची चावी कोण देणार, किती वाजेपर्यंत देणार हे निघण्याआधी ईमेलवर लेखी विचारून घ्या, कारण विद्यार्थी वसतिगृहांची कार्यालयं शनिवार-रविवारी सहसा उघडी नसतात.