वस्तऱ्याचा दगड : सहाण, निसणा की ऑइलस्टोन?

आजोबांच्या वस्तऱ्याबरोबर मिळालेल्या, वरून पिवळसर आणि खालून निळसर-जांभळ्या अशा दुपदरी दगडाला घरात ‘सहाण’ म्हणतात. पण सहाण तर चंदनाची, मग याला ‘निसणा’ म्हणावे की ‘ऑइलस्टोन’, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘ऑइलस्टोन’ तर मुळीच म्हणू नये. धारेच्या प्रत्येक दगडाला सरसकट हे नाव देण्याची खोड इतकी बळावली आहे की ज्या दगडाला फक्त पाणी हवे, त्यावरही लोक निष्ठेने तेल ओततात.

घरातला शब्द बरोबर आहे. ‘सहाण’ संस्कृत ‘शाण’वरून आली, आणि शाण म्हणजे शस्त्रे व रत्ने घासण्याचा दगड, भर्तृहरीचा ‘मणिः शाणोल्लीढः’, म्हणजे शाणेवर घासलेले रत्न, आठवावा. ‘निसणा’सुद्धा ‘नि’ उपसर्ग लागलेल्या त्याच ‘शो’ (धार करणे) धातूचा, म्हणजे ‘निशित’चा (धारदार) सख्खा भाऊ. त्याचे नाते ‘भाजी निसणे’शी जोडणाऱ्या जाणकारांनी निवडणे आणि पाजवणे यांतला अर्थाचा सांधा आधी दाखवावा, नुसते ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

खरी मौज पुढे आहे. संस्कृत ‘श’च्या जागी लॅटिनमध्ये ‘क’ आणि इंग्रजीत ‘ह’ येतो: शतम्, केंटुम्, हंड्रेड, श्वन्, कॅनिस, हाउंड. त्याच नियमाने आपल्या ‘शाण’च्या कुळात लॅटिनचा ‘कोस’ आणि इंग्रजीचा ‘होन’ येतात, आणि तिघांचाही अर्थ धारेशी बांधलेला आहे. ‘कोस’चे लघुरूप ‘कोटिकुला’, आणि त्यावरूनच बेल्जियमच्या आर्देन भागातल्या ‘कॉटिक्युल’ या दगडाला नाव मिळाले. वाचकाने वर्णिलेला पिवळा-निळा दगड बहुधा हाच असावा. त्याच्या पिवळ्या थरात गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेच पोलाद कापतात. दोन थर निसर्गतःच जुळलेले असतात किंवा पिवळ्या पट्टीखाली पाटीचा दगड चिकटवलेला असतो, म्हणून कडेचा सांधा नीट पाहावा. मराठी घराने अशा दगडाला ‘सहाण’ म्हणावे, हे त्याच्या मूळ नावाला किती धरून आहे!

धार लावणे आणि ती बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे सुश्रुताने आपल्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात स्वच्छ सांगितले आहे: निशानासाठी, म्हणजे धार काढण्यासाठी, उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि धारासंस्थापनासाठी शाल्मलीची, म्हणजे सावरीची, फळी. आपण मात्र दोन्हींना ‘धार लावणे’ म्हणून मोकळे होतो. शिळेच्या कामाला ‘पाजवणे’ हा चांगला शब्द हाताशी आहे, तो वापरावा.

कॉटिक्युलवर पाणी घालून वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवावीत, म्हणजे कोन आपोआप साधतो, आणि धार पुढे ठेवून हलक्या हाताने चालवावे. टोकाला पोहोचल्यावर पाठीवरच वस्तरा उलटावा. सावरीच्या फळीची जागा आता चामड्याच्या पट्ट्याने घेतली आहे. त्यावर मात्र पाठ पुढे हवी, नाहीतर चामडेच कापले जाते.